डावीकडचा कप्पा

"आधी सोपं तपासायचं," असं म्हणून सर करंगळी वर करायचे. सगळ्यात लहान बोट म्हणजे सगळ्यात सोपं कारण. जपानमधल्या त्सुकुबाच्या आमच्या संशोधन संस्थेत एखादं उपकरण बंद पडलं की आम्ही पोस्टडॉक मंडळी मोठमोठे तर्क लढवायचो. सर यायचे, करंगळी दाखवायचे आणि प्लग बघायचे. बहुतेक वेळा प्लगच निघालेला असायचा.

त्यांची दुसरी सवय तारखेची. बाटली असो, बॅटरी असो की लोणच्याचा डबा, आणल्या दिवशीच त्यावर काळ्या मार्करने तारीख पडायची. "काकूंवर नाही टाकलीत?" असं मी एकदा चेष्टेत विचारलं, तर सरांच्या बायको, म्हणजे काकूच म्हणाल्या, "माझी लग्नपत्रिकेवर छापूनच आली होती."

त्या काकू हिवाळ्यात गेल्या. ओसाकाहून मुलगी आली, आठवडाभर राहिली आणि परत गेली. सर कामावर येऊ लागले. जूनमध्ये एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "गाडीचा एसी काम करत नाहीये. शनिवारी येतोस?"

गाडी सोळा वर्षांची, पांढरी, छोटीशी. सर चालवायचे आणि डावीकडे काकू बसायच्या. आता ती सीट रिकामी होती, तरी सर मला मागेच बसवायचे. मला त्यात काही वाटलं नाही. एकदा मी टिश्यू मागितला आणि मागूनच वाकून डॅशबोर्डमधला डावीकडचा कप्पा उघडायला हात पुढे केला, तर त्यांनी घाईने खिशातला रुमाल दिला.

मग शनिवारमागून शनिवार आम्ही त्या एसीच्या मागे लागलो. गॅरेजमधून गॅसचा दाब तपासून आणला. पट्टा बघितला, फ्यूज बदलले, कॉम्प्रेसर सुरू होताना टक् आवाज येतो का ते कान लावून ऐकलं. सगळं ठीक होतं. पंख्याचा आवाज जोरात यायचा, पण जाळीतून हवा जेमतेम. सर वहीत नोंद करायचे आणि थर्मासमधला चहा मला द्यायचे. खरं सांगतो, मला ते शनिवार आवडायला लागले होते.

जुलैअखेर गॅरेजवाल्याने मला सहज विचारलं, "फिल्टर बघितलात का? डावीकडच्या कप्प्यामागे असतो. पाच मिनिटांचं काम." मला कोण आनंद झाला. सरांची करंगळी या वेळी मी वर करणार होतो.

शनिवारी नवा फिल्टर घेऊनच गेलो. सर थंड चहा आणायला कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, गेले तेवढ्यात मी कप्पा रिकामा केला. आत बराच किडूकमिडूक माल होता. जपानात राहून हाताला कचरा वेगवेगळा करायचं वळण लागतं. वर्तमानपत्र पसरून मी त्यावर तीन ढीग केले: जळणारा कचरा, प्लास्टिक, धातू. फिल्टर काढला तर तो धुळीने आणि पाचोळ्याने गच्च भरलेला. नवा बसवला आणि एसी सुरू केला. गार वारा सुटला.

सर दोन बाटल्या घेऊन उभे होते. वाऱ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते ढिगांकडे बघत होते.

"वर्गीकरण बरोबर आहे," ते म्हणाले.

मग खाली बसून एकेक वस्तू उचलायला लागले. केसांचा चाप. बडीशेपेची डबी. हँडक्रीमची अर्धी ट्यूब. कागदांच्या ढिगातून त्यांनी एक चिठ्ठी काढली आणि तेव्हा कुठे मी ती वाचली. 'कोथिंबीर, दही, ह्यांचे मोजे.' काकूंचं अक्षर.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सर, माझ्या लक्षातच आलं नाही."

"तुझं काय चुकलं? आधी सोपंच तपासायला हवं होतं." या वेळी करंगळी वर झाली नाही. त्यांनी सगळं जिथल्या तिथे लावलं. कशाखाली काय होतं ते त्यांना पाठ होतं.

तो पूर्ण ऑगस्ट मी त्यांना काचा खाली करून गाडी चालवताना पाहिलं. एसी उत्तम चालत होता. पण मला त्यांनी पुन्हा शनिवारी बोलावलं नाही, आणि मीही आपण होऊन गेलो नाही. ते मला अजून लागतं.

पुढच्या मार्चमध्ये सर झोपेतच गेले. मुलीने कप्प्यातल्या वस्तू पिशवीत भरून नेल्या आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "यू कीप इट," म्हणाली, "बाबा वुड लाइक दॅट."

घरी आणून गाडी साफ करत होतो. डिकीत स्टेपनीखाली कापडात गुंडाळलेलं एक पाकीट सापडलं, न फोडलेलं. आत तसलाच नवा फिल्टर. पाकिटावर काळ्या मार्करने जूनमधली तारीख होती, आम्ही पहिल्यांदा बॉनेट उघडलं त्याच्या आदल्या दिवसाची.