दोन मार्कांनी राहिलेली ललिता गावित

ललिता गावितला बारावीला मार्क चांगले पडले होते, पण जात पडताळणीचा दाखला कचेरीत अडकला आणि हातात आला तेव्हा मेडिकलच्या प्रवेशाची मुदत उलटून गेली होती. तिचे वडील पुंजा पेठ तालुक्यातून येऊन एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशावर कामाला लागलेले. त्यांनी फंडातून पैसे उचलले आणि १९९६ साली पोरीला डॉक्टर व्हायला रशियाला धाडलं.

सहा वर्षं बर्फात काढून ती पदवी घेऊन आली, तर इथे नवा नियम लागला होता. परदेशात शिकलेल्यांनी दिल्लीला जाऊन परीक्षा द्यायची; तीनशेपैकी दीडशे मार्क पडले तरच डॉक्टर म्हणून नोंदणी. ललिता तीनदा बसली, तीनदा राहिली. तोवर नाशिक रोडच्या एका खाजगी दवाखान्यात ती केसपेपर लिहायची आणि मोठे डॉक्टर खाली सही करायचे.

तिची स्मरणशक्ती मात्र अफाट. प्रश्नपत्रिका बाहेर आणू देत नसत. पेपर सुटला की सगळी मुलं चहाच्या टपरीवर तिच्याभोवती जमायची. कुणाला दहा प्रश्न आठवत, कुणाला पंधरा. ललिता परतीच्या गाडीत लिहायला बसायची आणि मनमाड येईतो दीडशेच्या वर प्रश्न पर्यायांसकट वहीत उतरलेले असायचे.

"एवढं कसं आठवतं हो तुम्हाला?" कुणीतरी विचारायचं.

"प्रश्न आठवतात," ती म्हणायची. "उत्तरंच चुकतात."

२००५ मध्ये वैष्णवी तिच्याकडे येऊ लागली. युक्रेनहून शिकून आलेली, जेलरोडला राहणारी. आठ महिने रोज संध्याकाळी ती ललिताच्या क्वार्टरमध्ये बसायची, ललिताच्या आईच्या, सिंधुबाईंच्या, हातची नागलीची भाकरी खायची. ललिताने तिला सगळं दिलं: कोणता प्रश्न फिरून येतो, कुठे फसवतात, आणि पहिलं सुचलेलं उत्तर का खोडायचं नाही. शेवटी वह्याही दिल्या.

मार्चमध्ये दोघी बरोबरच बसल्या. बाहेर फूटपाथवर उत्तरं ताडून पाहताना ललिताच्या लक्षात आलं, शेवटच्या दहा मिनिटांत आपण चार उत्तरं बदलली आणि चारही चुकवली. निकाल लागला. वैष्णवीला एकशे एकाहत्तर, ललिताला एकशे अठ्ठेचाळीस.

पुढच्याच महिन्यात कॉलेज रोडच्या एका क्लासने वैष्णवीचा सत्कार ठेवला, अनुभव सांगायला बोलावलं. ललिता दवाखान्यातून रजा काढून गेली. तिसऱ्या रांगेत बसली. एका मुलाने विचारलं, "मॅडम, जुने प्रश्न कुठून मिळवले?"

"माझ्या स्वतःच्या नोट्स होत्या," वैष्णवी म्हणाली. "आणि एक सांगते. सारखं नापास होणाऱ्यांच्या संगतीत बसू नका. त्यांची भीती आपल्याला चिकटते."

टाळ्या पडल्या. ललितानेही दोनदा टाळी वाजवली. मग तिचे हात थांबले.

जिन्यात वैष्णवीने तिला गाठलं. "ताई, राग मानू नका. तुमचं नाव घेतलं असतं, तर त्या स्वतः का पास नाही झाल्या, असं विचारलं असतं लोकांनी."

"बरोबर आहे तुझं. वह्या कधी देतेस?"

"क्लासला दिल्यात. ते पुस्तक छापणार आहेत." ती घड्याळाकडे बघत खाली उतरली.

घरी पुंजा भडकले. "मी जातो नं त्यांच्याकडं. असं कसं चालंल?"

"जाऊन काय सांगणार, आबा? माझी पोरगी चारदा नापास झाली म्हणून?"

पुंजांनी पायात घातलेल्या चपला पुन्हा काढून ठेवल्या.

सप्टेंबरमध्ये ती पाचव्यांदा दिल्लीला गेली. परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर क्लासने छापलेलं ते पुस्तक जिकडेतिकडे दिसत होतं. शेजारी उभ्या मुलीने पान उघडून पुढे केलं. लातूरकडची वाटत होती. "ताई, विषबाधेच्या या प्रश्नाचं उत्तर 'ब' दिलंय. बरोबर आहे का हो?"

ललिताने पाहिलं. ती तिचीच जुनी चूक होती, वहीत दुरुस्त करायची राहून गेलेली. खरं उत्तर 'ड' होतं. तिला पक्कं ठाऊक होतं.

"छापलंय म्हणजे बरोबरच असणार," ती म्हणाली.

मुलगी समाधानाने आत गेली. पेपरात तो प्रश्न आला. ललिताने 'ड'वर खूण केली आणि नंतर कितीतरी वेळ तिला पुढचा प्रश्न वाचताच येईना.

पेपर सुटल्यावर ती टपरीकडे फिरकली नाही. गाडीत बसूनही काही लिहिलं नाही. त्या खेपेला एकशे चाळीस पडले. त्यानंतर तिने फॉर्म भरला नाही.

आता सातपूरच्या एका कारखान्यात ती प्रथमोपचाराच्या खोलीत बसते, कामगारांची कापलेली बोटं बांधते. वैष्णवीबद्दल कुणी काही सांगितलं तर ऐकून घेते. त्या मुलीचं काय झालं, हे मात्र तिला कधी कळलं नाही. तिने नावही विचारलं नव्हतं.