सरांचं एक कार्ड

जुन्या चित्रवहीतून काल एक पंचकार्ड खाली पडलं, पिवळट आणि दमट पुठ्ठ्याच्या वासाचं. ऐंशी सालच्या सुमारास वर्ध्याच्या कॉलेजात आम्हा चित्रकलेच्या मुलांना एक सर संगणकाचा प्रोग्राम लिहायला शिकवत. एका कार्डावर भोकं पाडून प्रोग्रामची एक ओळ लिहिलेली असे. संगणक नागपूरला होता, कार्डांचा गठ्ठा एसटीने न्यावा लागे आणि क्रम चुकला तर प्रोग्राम चालत नसे. म्हणून मी माझ्या गठ्ठ्याच्या कडेवर लाल शाईने एक तिरपी रेघ ओढली होती. रेघ जुळली की क्रम जुळला. सरांनी ती वर्गाला दाखवली. "काय वं, इथंही रांगोळी काढून राह्यली?" असं म्हणत त्यांनी गठ्ठा फरशीवर उधळला. "लाव आता." वर्ग हसला. मी पाच मिनिटांत कार्डं लावली. सरांनी पाहिलंही नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या प्रबंधाच्या प्रोग्रामचा गठ्ठा नागपूरला जायचा होता. त्यांना संगणक महिन्यातून एकदाच मिळे. सामान उचलायला त्यांनी मला सोबत नेलं. बसस्टँडवर गठ्ठा माझ्याकडे देऊन ते चौकशीच्या खिडकीशी गेले. मी गठ्ठ्याला लावलेलं रबर काढलं आणि हात सोडले. त्यांच्या कार्डांवर ना आकडे होते, ना रेघ. सर धावत आले. "काऊन पाडलं वं?" "हातून सुटलं, सर. लावा आता." उकिडवे बसून कार्डं लावताना त्यांच्या दोन बस गेल्या. तिसरीने ते गेले आणि दुसऱ्या दिवशी न चाललेला प्रोग्राम घेऊन परतले. एक कार्ड कमी भरलं होतं. ते बसस्टँडवर माझ्या चपलेखाली होतं. काल मी ते पुसलं आणि परत वहीत ठेवलं.