पुरेसं खेडं नसलेलं गाव

पत्रक मीच लिहिलं होतं, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. 'मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली अंगणं, चुलीवरची भाकरी.' डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून लिहिलं. गाव बघितलं नव्हतं. रिक्षाने वीस मिनिटं लागतात. पण आम्हा चळवळीतल्या लोकांना गाव आधीच माहीत असतं.

ते वाचून परदेशातल्या एका संस्थेने खाडीकाठच्या या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला एक जर्मन मुलगी पाठवली. बिनपगारी. शाळेत चार इयत्ता, दोन शिक्षक, आणि इंग्रजी घ्यायला दोघांनाही घाम फुटायचा. मुलीने गावातल्याच एका घरी राहायचं आणि दुभाषी म्हणून सोबत मी.

यजमानीण काकूंचं घर बघितलं आणि मला माझं पत्रक आठवलं. तीन मजले. लिफ्ट. गेटवर दोन सोनेरी सिंह. मुलीने मला हळूच विचारलं, "हे सरकारी ऑफिस आहे का?"

"काय म्हनते ती?" काकू.

"घर छान आहे म्हणते."

तीन आठवडे मजेत गेले. ती शाळेत पोरांना इंग्रजी शिकवायची आणि घरी काकू तिला खाडीतली मासळी साफ करायला शिकवायच्या. चौथीतली पोरं तर तिला इंग्रजीत उलट उत्तरं द्यायला लागली, म्हणजे भाषा येत होती.

मग संस्थेचा मेल आला. रविवारी व्हिडिओ कॉलवर घर दाखवा. यजमान कुटुंब ग्रामीण आणि गरीब असल्याची खात्री करायची आहे. नसेल तर मुलीला दुसरीकडे हलवू. म्हणजे ऐन सत्रात शाळेचं इंग्रजी बंद.

'खोटं बोलणाऱ्यांना जाब विचारा' असं छापून वाटणारी मी, रविवारी सकाळी काकूंच्या गच्चीत तीन विटांची चूल मांडत होते. एसीच्या डब्यावर गोधडी टाकली. पाण्याच्या टाकीपुढे झावळ्या उभ्या केल्या. मग काकूंना म्हटलं, "तुम्ही फक्त जुनी साडी नेसा आणि चूल फुंका. फाटकी असली तर बरंच."

काकूंनी आधी चुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुजी आय फाटकी साडी नेसून येल का तुज्या मीटिंगला?"

"तसं नाही काकू, शाळेसाठी—"

"मी मिठागरात पान्यात उभी ऱ्हायलेली हाय, पोरी. पाय सोलून निघाचे. तवा फोटो काढाला कोन नाय आला. आता पायाखाली लादी आली तं तुला मी गरीब पायजे?"

माणसाच्या सन्मानावर माझं एक भाषण आहे. टेंभी नाक्याला दोनदा केलेलं, टाळ्या घेतलेलं. त्यातली एकही ओळ आठवेना.

कॉलला काकू बसल्या त्या सोफ्यावर, पैठणी नेसून, अंगावर सगळं सोनं. घर दाखवा म्हटल्यावर त्यांनी फोन हातात घेतला आणि लिफ्टने वर-खाली दोन फेऱ्या मारल्या. पडद्यावरच्या, संस्थेच्या बाईंचं हसू प्रत्येक मजल्याला आक्रसत गेलं.

संध्याकाळी निकाल आला. घर निकषांत बसत नाही. मुलीने आठवड्यात निघावं.

"काय लिवलंय?" काकूंनी विचारलं. या वेळी मी सरळ भाषांतर केलं. "आपण पुरेसे गरीब नाही म्हणतात."

"मंग त्यांची पावनी नको ना, माजी ऱ्हाउ दे. परीक्षा होईपरत. इचार तिला."

विचारलं. मुलीने उत्तर मला दिलंच नाही. लॅपटॉप ओढला, संस्थेला जर्मनमध्ये चार ओळी खडखडून लिहिल्या, पाठवल्या आणि काकूंना स्वतःच मराठीत म्हणाली, "राहते."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू पन ऱ्हा," काकू म्हणाल्या. "पन आजपासून भांडी तुजी."

मुलगी उद्याचा धडा काढत बसली. मी बाह्या सरसावल्या.