ती मागून येतेय

बायकांची पाण्याची भीती घालवणं, हे संयोगिता इंगवलेचं काम. कोल्हापुरातल्या एका पोहण्याच्या तलावावर सकाळी सहाची लेडीज बॅच तिची. पन्नाशीच्या बायका पाण्यात उतरायच्या आणि काठाचा पाइप धरून थरथरत उभ्या राहायच्या. ती त्यांची एकेक बोट सोडवत म्हणायची, "मी हाय की हितं. बुडू देईन व्हय तुम्हाला?" सोळा वर्षांत तिनं कुणाला बुडू दिलं नव्हतं.

नवरा अमरसिंह. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्याचं पंपांचे सुटे भाग बनवायचं मशिनशॉप होतं. बायको पोहते आणि आपल्याला धड हातपाय मारता येत नाहीत, हे त्याला लग्नापासून सलत होतं. चाळिशी उलटल्यावर तो पोहायला शिकला, पण तिच्याकडे नाही. मग मालवणला जाऊन स्कूबाचा, म्हणजे पाठीला हवेचा सिलिंडर बांधून खोल पाण्यात उतरायचा कोर्स केला आणि तिलाही करायला लावला. "तू वरवर पोहतीस," तो चारचौघांत म्हणायचा, "खाली जायला छाती लागती."

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाला भेटायला त्याला स्कॉटलंडला जायचं होतं. तो तिला घेऊन गेला. काम उरकल्यावर दोघं उत्तरेच्या एका किनारी गावात पोचली. तिथल्या समुद्रात शंभरेक वर्षांपूर्वी खडकावर आपटलेली एक आगबोट बावीस मीटर खाली पडून होती. पाणी नऊ अंश. अंगात पाणी न शिरणारे जाड सूट घालून दोन दिवस सराव झाला. तिसऱ्या दिवशी मोइरा नावाची तिथली गाइड त्यांना घेऊन निघाली. तिनं एकच गोष्ट तीनदा सांगितली, "बोट बाहेरून बघायची. आत जायचं नाही." अडीअडचणीला म्हणून तिनं एक जादाचा छोटा सिलिंडर दिला. अमरसिंहला तो जड वाटला, त्यानं तो बायकोच्या अंगावर लटकवला. सुरी मात्र त्यानं आपल्या पोटरीला बांधली. ती दिसायला चांगली दिसत होती.

खाली सगळं हिरवट-काळं होतं. आगबोटीचा बॉयलर एखाद्या घराएवढा, कूस बदलून पडलेला. मोइरा पुढं होती. तेवढ्यात अमरसिंहला फुटलेल्या तक्त्यातून आत काहीतरी पितळेचं चकाकताना दिसलं आणि तो त्या भगदाडातून आत शिरला. संयोगितानं त्याचा पाय धरायला हात टाकला, पण उशीर झाला होता. सोबत्याला एकटं सोडायचं नाही, हा पहिला धडा. ती मागोमाग गेली.

आत गाळ उठला. थंडीनं अमरसिंहचा तोंडात धरायचा हवेचा रेग्युलेटर गोठला आणि हवा फसफसत बाहेर सुटली, थांबेचना. मिनिटाभरात त्याचा सिलिंडर रिकामा होणार होता. तो हात झाडायला लागला. संयोगितानं त्याचा खांदा दाबून धरला, जादाचा सिलिंडर काढून त्याला जोडलेला रेग्युलेटर नवऱ्याच्या तोंडात दिला. त्याचा श्वास जाग्यावर येईपर्यंत ती त्याच्या डोळ्यांत बघत राहिली, तलावावर बायकांच्या डोळ्यांत बघायची तशी.

बाहेर निघताना कधीचं तरी मासेमारीचं जाळं तिच्या सिलिंडरला आणि पायाला गुंतलं. ती जितके हिसडे मारी तितकं ते आवळत गेलं. अमरसिंह भगदाडात होता, हातभर अंतरावर. तिनं त्याच्या पोटरीकडे बोट दाखवलं. कापायची खूण केली. त्यानं सुरीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि तो वर निघून गेला.

हे भीतीनं झालं असं ती आजही म्हणते. भीती तिला ठाऊक आहे, माणूस आईच्याही डोक्यावर पाय देऊन वर येतं. तिला नडलं ते पुढचं. दोघं मागं दिसेनात म्हणून मोइरा वर आली होती. तिनं बोटीवरून विचारलं, बायको कुठाय? आत गेलो होतो हे त्याला सांगायचं नव्हतं. तो म्हणाला, "ती मागून येतेय." चार मिनिटं मोइरा पाण्याकडे बघत थांबली. मग तिला राहवलं नाही, ती खाली गेली.

मोइरानं जाळं कापलं तेव्हा हवा संपत आली होती. घाईनं वर यावं लागलं. संयोगिता वाचली, पण डावा कान आणि शरीराचा तोल कायमचा गेला. दवाखान्यात मोइरा तिच्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि तिनं ती चार मिनिटं सांगितली. सांगताना रडली.

कोल्हापुरात गोष्ट आधीच पोचली होती, पण वेगळी. अमरसिंहनं जाळं कापून बायकोला मरणाच्या दाढेतून काढलं. उद्योजकांच्या संघटनेनं त्याला फेटा बांधला. संयोगिता पहिल्या रांगेत बसली होती. टाळ्या तिला एकाच बाजूनं ऐकू आल्या.

त्या रात्री नाही, दोन दिवसांनी तिनं त्याला विचारलं, "वर जाऊन निस्तं खरं सांगितलं असतं तर?"

"मग काय झालं? वाचलीस की," तो म्हणाला, आणि जेवत राहिला.

सासूला, म्हणजे आक्कांना, तिनं सगळं सांगितलं. आक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "खरं आसंल. पर दोघंबी गेला असता, तर माझ्या नातवाला, राजवीरला कोण हुतं? माझं पोरगं आलं, बास झालं मला. तू आता हे बाहीर बोलू नगंस."

ती बोलली. अमरसिंहच्या मित्रांसमोर, जेवायच्या टेबलावर, आवाज न चढवता बोलली. अमरसिंह हसला, कानशिलाजवळ बोट फिरवून म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलंय, मेंदूला हवा कमी पडली की असं हुतंय." लोकांनी मान हलवली. एका बाईनं तर तिच्या ताटात मायेनं भात वाढला.

महिनाभरात ती कबनूरला भावाकडे, कृष्णातकडे राहायला आली. पाण्यात उतरलं की गरगरायचं, म्हणून बॅच सुटली. एकोणीस वर्षांचा राजवीर इंजिनिअरिंगला होता, तो बापाकडेच राहिला. "मम्मी, तू पप्पांची चारचौघांत लाज काढलीस," एवढंच तो म्हणाला.

यंदाच्या डिसेंबरात तिला कळलं की अमरसिंह राजवीरला मालवणला स्कूबाला घेऊन चाललाय. तिनं फोन केला.

"राजू, शीक. पण त्यांच्या भरवशावर पाण्यात उतरू नको."

"तुला वाचवलं न्हाई त्यांनी? मला पण वाचवतील," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

तिनं एसटी पकडली. घाटातल्या वळणांवर तिला तीनदा उलटी झाली. मालवणच्या जेट्टीवर ती खांबाला धरून दोन तास उभी राहिली, कारण आधाराशिवाय उभं राहता येत नव्हतं. बोट आली. राजवीर धडधाकट उतरला, ओले केस, मित्रांच्यात हसत. अमरसिंहनं तिला आधी पाहिलं. "बघ, आली तुझी आई," तो म्हणाला.

राजवीर जवळ आला. तिच्या डाव्या बाजूनं काहीतरी बोलला, ते तिला कळलं नाही. तिनं मान वळवून उजवा कान पुढं केला.

"घरी जा म्हटलं," तो म्हणाला. "सगळे बघालेत."

तो पोरांच्या मागं निघून गेला. परतीच्या गाडीला अजून वेळ होता. जेट्टीवरच्या एका कोळणीनं तिला हाताला धरून स्टँडपर्यंत सोडलं.