पाणी मागणारा झॉम्बी

मी मेलो तेव्हा अंधेरीतल्या एका डबिंग स्टुडिओत आठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. खोटं नाही सांगत. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला तर उभा राहिला होता.

माझी नोकरी ऑफिसातली, पण शनिवारी मी आवाज देतो. टूथपेस्टच्या जाहिरातीतला दातांचा डॉक्टर मी, कार्टूनमधला चिडका उंट मी, आणि त्या वर्षी व्हिडिओ गेमवरून काढलेल्या एका परदेशी सिनेमाच्या हिंदी आवृत्तीतला झॉम्बीही मीच. गोष्ट साधी. प्रयोगशाळेतून विषाणू सुटतो, अख्खं शहर मरतं आणि मेल्यावर चालायला लागतं, आणि एक मुलगी दोन बंदुका घेऊन ते सगळं साफ करत सुटते.

झॉम्बीला डबिंग कशाला, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. गुरगुरणं मूळ सिनेमातलंच ठेवतात, मेलेल्यांना भाषेची अडचण नसते. पण एका प्रसंगात त्या मुलीचा बापच झॉम्बी व्हायला लागलेला असतो. अर्धा माणूस, अर्धा प्रेत. तो तिच्याकडे हात करून पाणी मागतो. हा बाप बोलतोय की प्रेत, ते तिला कळत नाही. गेममध्ये म्हणे इथे गोळी घातल्याशिवाय पुढची लेव्हल उघडतच नाही. सिनेमातही ती घालते.

ते एवढंसं "पानी" आमच्या चार जणांना जमेना. एकाने घसा खरवडला, एक सिंहासारखा गुरगुरला.

"यार, तुम्ही सगळे घाबरवताय," दिग्दर्शिका वैतागली. "हा घाबरवत नाहीये ना! हा मागतोय. तोंडात शब्द आहे, जीभ वळत नाही. कळतंय का?"

मला कळत होतं. जरा जास्तच कळत होतं.

दहिसरला आमच्या हॉलमध्ये खाटेवर बाबा होते. अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. गिरणीतून रजा काढून दर वर्षी गावच्या दशावतारात राक्षस करणारा हा माणूस. त्यांनी गंमत म्हणून आरोळी ठोकली की आमच्या चाळीतली पोरं जिन्यावरून गडगडत खाली जायची. आता त्यांच्याकडे चार आवाज उरले होते. एक माझ्या बायकोला हाक मारायचा, एक टीव्ही बदल म्हणायचा, एक नुसत्या रागाचा आणि एक पाण्याचा. पाण्याचा आवाज पोटातून निघायचा, घशात अडकायचा, आणि 'णी'च्या जागी नुसती हवा यायची. "पाऽऽ... हं."

मी माइकसमोर गेलो. उजवा खांदा पाडला, ओठाचा उजवा कोपरा सैल सोडला आणि बाबा केले.

एका टेकमध्ये ओके. टाळ्या त्याच्याच.

लहानपणी मी शेजारच्या तोतऱ्या काकांची नक्कल केली की बाबा मागून येऊन आपला पंजा माझ्या तोंडावर ठेवायचे. "कोणाच्या जिभेची नक्कल करूची नाय रे झिला." तो पंजा मला स्टुडिओत आठवला का? आठवला. टेकच्या आधी आठवला.

त्यानंतर वर्षभर मी हा किस्सा रंगवून रंगवून सांगितला. ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर सांगितला, मुलुंडला एका लग्नात तर स्टेजवर करून दाखवला. "कुठून आणतोस रे हे?" कोणी विचारलं की वर बोट दाखवायचो. देवाची देणगी.

मग एका रविवारी दुपारी तो सिनेमा टीव्हीवर लागला. बायको स्वयंपाकघरात मासे तळत होती. मी बाबांना उशीला टेकवून बसवलं, पाणी पाजलं आणि म्हणालो, "बाबा, तुमच्या पोराचा सिनेमा!" तो प्रसंग येणार हे मला माहीत नव्हतं असं नाही. टीव्हीवर बरंच कापतात, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं तर मला त्यांची शाबासकी हवी होती.

बाबा खूश होते. झॉम्बींची झुंड दिसली की तोंडाची डावी बाजू हसायची. राक्षसाला राक्षस बघायला मिळत होते.

आणि तो बाप आला. हात पुढे केला.

"पाऽऽ... हं."

"आले, आले बाबा!" बायको आतून ओरडली. पीठ लागलेल्या हातात चोचीचा कप घेऊन ती धावतच आली आणि कप त्यांच्या ओठांना लावला.

बाबांनी टीव्हीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. किती वेळ ते सांगता येणार नाही. मी टीव्हीकडे बघत होतो. तिथे गोळी सुटली. बाबांनी तोंड उघडलं आणि कप संपेपर्यंत सगळं पाणी प्यायले.

"तू इथेच बसलायस ना? ऐकू येत नाही तुला?" बायको माझ्यावर उखडली.

"लक्ष नव्हतं."

"हां, बघत बस तुझी भुतं."

त्या दिवसापासून बाबांनी पाण्याचा आवाज काढला नाही. तहान लागली की डाव्या हातात चमचा घेऊन खाटेच्या दांडीवर वाजवायचे. टक टक. बाकीचे तीन आवाज जागच्या जागी होते. बायको घाबरली. "होता तोही शब्द गेला रे त्यांचा. अजून एखादा झटका येऊन गेला असेल का? झोपेत?" ती डॉक्टरांच्या मागे लागली, तपासण्या ठरवल्या. बाबांना चादरीत उचलून, लिफ्टमध्ये वाकडं करून न्यायचं म्हणजे काय हाल होतात, हे मला माहीत होतं. तरी मी दोन आठवडे गप्प राहिलो. एवढा बोलका माणूस मी.

तपासणीच्या आदल्या दिवशी ती त्यांचे जुने कागद फाईलला लावत बसली होती, तेव्हा मी सांगितलं. या वेळी रंगवलं नाही. आवाज काढून दाखवला नाही.

तिने हातातली फाईल मिटून बाजूला ठेवली. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे त्या दिवशी त्यांना तहान नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती. पाच मिनिटांपूर्वीच मी पाजलं होतं."

"तरी प्यायले."

"हो."

"मला कळू नये म्हणून."

हॉलमधून टक टक झालं. ती सवयीने उठली, अर्ध्यातच थांबली आणि परत खाली बसली.

"जा," ती म्हणाली. "तू जा."

मी कप भरून नेला. बाबा पाणी पीत होते आणि मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होतो, आता उचलतील आणि माझ्या तोंडावर ठेवतील म्हणून. हात चादरीवरच होता, चमचा धरून.