मोरोपंतांचा आलुबोंडा-रस्सा

त्या हॉटेलचं नाव मी तोंडानंही घेणार नाही. अमरावतीतले जुने लोक ओळखतील, आणि ओळखतील तेच तिथं लपूनछपून खाणारे. शी! आठवलं तरी मळमळतं.

माझी शेजारीण सिंधू, मोरोपंत वकिलांची बायको. सत्तावन्न सालची गोष्ट. मोरोपंतांचं सोवळं असं कडक की बाहेरच्या पाण्यालाही शिवायचे नाहीत. पण दर रविवारी फर्मान सुटायचं, "त्या हॉटेलसारखा आलुबोंडा-रस्सा घरी झाला पाहिजे, सोवळ्यात." स्वतः म्हणे कधी तिथली पायरी चढले नाहीत, चव पक्षकारांनी सांगितली! अहो, चव काय सांगून कळते?

सिंधू बिचारी राबायची. खोबरं भाज, खसखस वाट, कधी काळा मसाला वाढव. बोंडे कसे टम्म फुगायचे! हा माणूस एक घास घ्यायचा आणि वाटी सरकवायचा. "छे, ती चव नाही. तुझ्या हाताला गुणच नाही." तेव्हा आम्ही सगळ्याच नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायचो. सिंधूही तेच ताट पुढं ओढून तोच नाकारलेला रस्सा गिळायची. मला बघवत नसे.

एकदा त्यांनी दोन वकील मित्रांना बोलावणं केलं. रविवारी म्हणे हॉटेलची चव घरी खाऊ घालतो. सिंधू रडकुंडीला आली. "कुंदाताई, आता चारचौघांत माझी लाज काढणार हे."

आमच्याकडे भांडी घासणारी गंगूबाई ऐकत होती. ती त्या हॉटेलातही घासायची. म्हणाली, "रडून काहून राहिल्या बाई? चाला मायासंगं. सोताच्या डोयानं पाहून घ्या तो रस्सा."

दुपारी आम्ही दोघी तिच्यामागून बोळात गेलो आणि हॉटेलच्या मागच्या दारातून डोकावलो. उघडाबंब आचारी घाम पुसल्या हातानंच बेसन कालवत होता. ते एक वेळ सोडा. तेवढ्यात वाढपी उष्ट्या प्लेटी घेऊन आला. एकेका प्लेटीतला उरलेला रस्सा त्यानं चुलीवरच्या गंजात, म्हणजे रश्श्याच्या पातेल्यातच, परत ओतला. एकीत विडीचं थोटूक होतं, ते तेवढं बोटानं उचलून फेकलं. मी तिथंच नालीवर ओकले. सिंधू मात्र पदर नाकाला लावून शेवटची प्लेट रिकामी होईपर्यंत पाहत राहिली.

रविवारी पाहुणे बसले. मी मदतीला स्वयंपाकघरात होते. सिंधूनं नेहमीसारखाच रस्सा केला होता, स्वच्छ, घमघमीत. मोरोपंतांनी घास घेतला, मित्रांकडे पाहून मान हलवली. "बघा, तीच बोंब. जरा जाऊन शिकून ये म्हणावं तिथं!"

सिंधू रश्श्याचा गंज घेऊन बाहेर आली. आवाज अगदी शांत. "शिकून आले. तिथं गिऱ्हाइकांच्या प्लेटीतला उरलेला रस्सा परत गंजात ओततात, थोटकं काढून. तिघांच्या वाट्या द्या इकडे. ओतते, म्हणजे चव येईल."

"साफ खोटं!" मोरोपंत उसळले. "माझ्या डोळ्यांदेखत ताजा वाढतो तो, रोज..."

आणि जीभ चावली. मित्र खाली मान घालून बसले, कारण तेही तिथलेच. मग मोरोपंतांचा चेहरा पांढरा पडला, तोंडावर हात धरून ते मोरीकडे धावले. कितीतरी वेळ आवाज येत होता. मला म्हणाल तर दया आली नाही, किळस आली. ते सोवळं, ती ऐट, आणि बायकोच्या हाताला नावं!

पाहुणे गेल्यावर मोरोपंत झोपाळ्यावर येऊन बसले. सिंधूनं माझं पान मांडलं. सवयीनं त्यांचं ताट पुढं ओढलं, पाहिलं, आणि उचलून मोरीत ठेवून आली. फळीवरचं धुतलेलं ताट घेतलं.

"हे काय?" मोरोपंत म्हणाले. "माझ्या ताटात नाही बसायचं?"

"इतकी वर्षं बसले," सिंधू म्हणाली. "तुमच्या उष्ट्यात कोणाकोणाचं उष्टं खाल्लं, ते सांगा आधी."

सिंधूनं स्वतःला दोन बोंडे वाढून घेतले, वर रस्सा घातला, आणि जेवायला बसली.