हरभऱ्याच्या रानातली एरर

धाराशिवच्या आमच्या कॉलेजात कुणाच्या लॅपटॉपवर लाल अक्षरं उमटली की पहिली हाक जाते शिवांजलीला. ती येते, खुर्ची ओढते आणि एकच विचारते, "काय लिहिलंय ते वाचलंस का?" वाचलेलं कुणीच नसतं. आम्ही सगळे घाबरून स्क्रीनवरची ती खिडकी बंद करणारे. मग ती समजावते: फाइल त्या फोल्डरमध्ये नाहीच, किंवा आकड्यांच्या रकान्यात कुणीतरी 'निरंक' लिहून ठेवलंय. मला तर तिनं हे इतक्यांदा सांगितलंय की आता तिला विचारायची लाजही वाटत नाही.

अशी ही बाई यंदा स्वतःच्या एररपुढं मात्र पार गडबडली. मुरुमला, तिच्या गावी, घरच्या हरभऱ्याच्या रानात तिनं प्रबंधासाठी जमिनीतला ओलावा मोजणारं यंत्र बसवलं होतं. दर तासाला आपोआप नोंद व्हायची, आणि बॅटरीकडं लक्ष द्यायला तिचे वडील धोंडप्पा. पीक निघालं, नोंदी सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या, तर आलेखाऐवजी लाल अक्षरं. यंत्रच बिघडलेलं निघालं असतं तर सगळा हंगाम वाया आणि प्रबंध पुढच्या वर्षावर. मार्गदर्शक सरांनी तसं आधीच बजावलं होतं. तिनं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, दुसरा लॅपटॉप आणला, मलाही उगाच झापलं. शेवटी मी चिडून म्हणाले की बाई, आता तूच वाच.

नोंदींमधलं वेळेचं अंतर समान नाही, एवढंच त्या लाल अक्षरांचं म्हणणं होतं. पुढं ओळीचा क्रमांकही. ती ओळ शोधून बघितली तर तिथला आख्खा दिवस गायब. पुढच्या आठवड्यातही एक गायब. कॅलेंडर उघडून बघितलं, तर सगळे सोमवार. वार बघून कुठलं यंत्र बिघडतं? तिनं घरी फोन लावला.

"सोमवारी आपण बैल जुपत न्हाय," धोंडप्पा म्हणाले. "मग यंत्रालाच का राबवायचं? त्या दिवशी बटण बंद ठेवायचो."

मला हसू आवरेना. सोमवार नंदीचा, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे तिला जन्मापासून ठाऊक. पण यंत्रालाही कुणी सुट्टी देईल, हे कुठल्या पुस्तकात असणार? ती मात्र भराभर टाइप करत होती. यंत्र धड आहे म्हटल्यावर बाकीच्या नोंदी खऱ्या ठरत होत्या. सोमवार रिकामे सोडायचे, असं तिनं सॉफ्टवेअरला सांगितलं आणि आलेखाची रेघ मुकाट्यानं उमटली. सरांनी ती पाहिली, सोमवारचं कारण लिहून जोडायला सांगितलं आणि पुढं जा म्हणाले. माझ्याच छातीवरचा धोंडा उतरला.

संध्याकाळी धोंडप्पांचाच फोन आला. दिवसभर त्यांना घास गेला नव्हता.

"माझ्यामुळं तुझं वरीस गेलं का गं?"

"न्हाय अप्पा. यंदाच देतीय प्रबंध."

 पलीकडं त्यांनी नाक शिंकरलं, आणि इतके दिवस एक टिपूस न काढलेली शिवांजली माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.